वरात वळणावर आली की

आमच्या शेजारच्या ताई पाटबंधारे ऑफिसात नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी बौद्ध पद्धतीची लग्नं लावतात. माईकसमोर उभं राहिलं की त्यांचे हातपाय थरथरतात, म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक लहानशी गोळी दिली आहे. ती लागू पडायला तासभर लागतो. पत्रिकेतली वेळ बघून त्या गोळी कधीच घेत नाहीत. वळणावर वरातीचा बँड ऐकू आला की पदराची गाठ सोडून गोळी घेतात, कारण तिथून मांडवापर्यंत नाचत यायला आपल्याकडे तास लागतोच.

परवा चांदूर रेल्वेच्या लग्नात मी सोबत होते. ताईंना गोळी घेताना कोणीतरी पाहिलं, कशाची ते विचारलं आणि ती गोष्ट नवरदेवाच्या मामांपर्यंत पोचली. बीपीची गोळी खाऊन आपण कसे नाचलो, हे मामा तेव्हा सगळ्यांना सांगत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "गोळी खाल्ल्याशिवाय हिले बोलता येत नाही म्हणते. अशी बाई काहून बोलावली?"

ताईंनी माईक जवळ ओढला.

"मामाजी, तुमी गोळी खाऊन नाचले. मी गोळी खाऊन लगन लावून राहिली. आता हात जोडा."

त्रिसरणाच्या पहिल्या ओळीला त्यांचा आवाज जरा कापला, दुसरीला नाही. सगळा मांडव त्यांच्यामागं म्हणू लागला, मामासुद्धा.

बाजूच्या अनोळखी बाईनं काहीच विचारलं नव्हतं, तरी मी तिला सांगितलं, "आमच्या शेजारीच राहतात ह्या."