तीन पिकं आणि चौथा महिना

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सांगलीच्या बहिणीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले. यातही पळपुटेपणा आहे, तो मला दिसतो आहे.

पण आधी थोडी बढाई मारू द्या. ती मारल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक परदेशी विज्ञानमालिका आहे. नऊ माणसं यानात बसून दूरच्या एका ग्रहाकडे निघाली आहेत, वर्षानुवर्षांचा प्रवास, वाटेत नाना भानगडी. तिच्या चाहत्यांचा इंटरनेटवर मोठा गट आहे आणि त्या गटाचा आवडता उद्योग म्हणजे चुका पकडणं. मागच्या दृश्यात कप भरलेला होता, आता रिकामा कसा? हा माणूस त्या खोलीत होता, मग इथे कुठून उगवला? हसू नका. लोक यावर तासन् तास भांडतात, आणि त्या भांडणात माझा शब्द शेवटचा असायचा. गटात माझं नाव ‘घार’. मी चित्र टाकायचे, त्यावर लाल वर्तुळ काढायचे, खाली दोन ओळी लिहायचे — की संपलं! तिकडचे मोठमोठे अभ्यासू लोक गप्प. कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये कुकरची तिसरी शिट्टी मोजत मी जगभरच्या लोकांना गप्प बसवत होते. काय मजा यायची म्हणून सांगू!

आता सांगते. त्यातली एकही चूक मी पकडलेली नव्हती.

सगळ्या चुका आईंनी पकडलेल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. जन्म कोलकात्याचा, शाळा इथलीच, बंगाली अशी की बाजारात कुणाला शंका यायची नाही. मी लग्न होऊन सांगलीहून आले ती यांच्या घरात. मंदार, माझा नवरा, सेक्टर फाइव्हच्या कंपनीत सकाळी जातो. मग दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी टीव्हीसमोर. आईंना इंग्रजी पेपर वाचता येतो, पण त्या यानातली माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात ते त्यांच्या कानांत शिरत नाही. खालची अक्षरं वाचायला जावं तर चित्र निसटतं. ‘मी आपली चित्र बघते, गोष्ट तू सांग,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

आणि चित्र बघावं तर त्यांनीच! आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकाची प्रॉपर्टी तीस वर्षं आईंकडे होती. प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावर लागणारी प्रत्येक वस्तू — काठी, चष्मा, पत्र, पानाचा डबा. कोण कुठल्या प्रवेशाला काय घेऊन जाणार, अंगठी कुठल्या बोटात, पत्र कुठल्या खिशात, याच्या याद्या त्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून विंगेत टांगायच्या. एवढी वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांच्या हातांकडे बघितलं, तिला संवाद कशाला लागतात? मी कप्तानाच्या दुःखात बुडालेली असायचे आणि आई शेजारून म्हणायच्या, ‘अगं, याची पट्टी मघाशी डाव्या हाताला होती ना?’

ती पट्टी पहिली. आई वामकुक्षीला गेल्यावर मी ते दृश्य मागे नेऊन बघितलं. खरंच की! गंमत म्हणून गटात टाकलं. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर शेकडो लोकांचं कौतुक. ‘काय नजर आहे!’ असं मला कुणीतरी म्हटलं होतं. कोलकात्यात येऊन मला नऊ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मी मंदारची बायको होते आणि मंडळात वैद्यवहिनींची सून होते. माझं असं कुणी काही म्हटलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मला काय गोड लागलं ते तेवढं सांगते.

इथवर फार तर चोरी झाली. चोरीचं मी तुम्हाला इतकं रामायण सांगितलं नसतं.

पुढचं असं झालं. एकदा जेवताना आई मंदारला कौतुकानं सांगायला लागल्या, ‘आज मी एक चूक धरली बरं का! त्या डॉक्टरणीच्या कुंडीतल्या झाडाला आधी सात पानं होती, मग पाच झाली, आणि पुन्हा सात!’ मंदार माझं गटातलं सगळं वाचायचा. कुंडी मी दुपारीच टाकून मोकळी झाले होते. त्यानं फोन उघडला असता तर? मी वाटीत आमटी वाढत होते, मान वर न करता म्हणाले, ‘नाही हो आई, ती दोन वेगळी झाडं आहेत. तुमची गल्लत झाली.’

किती सहज निघालं तोंडातून! आणि किती सहज खपलं! मंदार हसला. आईही हसल्या, म्हणाल्या, ‘धुर! म्हातारी झाले मी.’ बंगाल्यांचं हे ‘धुर’ त्यांच्या तोंडात सदा असतं, स्वतःवर चिडल्या की हमखास. त्याच रात्री, मंदार फोन उघडायच्या आत, ती कुंडी मी गटातून काढून टाकली.

त्यानंतर माझी पद्धतच ठरली. आईंनी काही दाखवलं की मी आधी नाही म्हणायचं. ‘पहिल्यापासून उजव्याच हाताला होती, आई.’ ‘तो वेगळा दिवस होता, आई.’ ‘तुम्ही मध्ये पाणी प्यायला उठला होतात, तेव्हा झालं ते.’ आणि त्या आडव्या झाल्या की रिमोट उचलायचा, चित्र काढायचं, लाल वर्तुळ. खोटं बोलताना मला घाम फुटत होता असं वाटतं का तुम्हाला? छे. मी हळू, मायेच्या आवाजात बोलायचे. तो आवाज आठवला की आता अंगावर काटा येतो.

आणि मग तो मोठा शोध. यानात गहू पिकवतात. एक पीक म्हणजे शंभर दिवस, हे पहिल्याच भागात सांगितलेलं, ते मी आईंना सांगितलं होतं. त्याच भागात, पेरणीच्या आधी, एका पोरीचा नवरा मरतो. पुढे कळतं, तिला दिवस गेलेत, मूल त्याचंच. सगळे रडतात. मीही रडले. दहाव्या भागात ती पोटावर हात ठेवून म्हणते, चौथा महिना. मी ते आईंना मराठीत सांगितलं मात्र, त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. ‘चौथा कसा असेल? तीन वेळा कापणी दाखवली यांनी. तीन पिकं म्हणजे दहा महिने झाले. ही बाळंत होऊन बारसंसुद्धा उरकायला हवं होतं!’

मी थक्क झाले. जगभरचे विद्वान त्या पोरीच्या बाळावरून काळ-अवकाशाचे सिद्धांत मांडत होते, आणि महिने कुणी मोजलेच नव्हते! मी काय म्हणाले माहीत आहे? ‘आई, कापणी एकदाच झाली. तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवतात ते. तुम्हाला हल्ली जरा... असू दे.’

‘असू दे’ म्हणाले मी.

त्या दिवशी गटात भूकंप झाला. काही जण वाद घालायला आले की यानात काळ मंद होतो. मी उत्तर दिलं, काळ मंद झाला तर गहूही मंदच उगवणार ना? तेवढं एक वाक्य माझं स्वतःचं, बाकी अक्षर न् अक्षर आईंचं. आठवड्याभरात मालिकेच्या लेखकांपैकी एकानं जाहीर कबूल केलं की चूक झाली आणि कोलकात्याच्या एका बाईंनी ती पकडली. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. खरंच नाचले, हातात झारा होता.

बाहेर आई गोळ्यांच्या डबीवर वार लिहीत होत्या. हल्ली त्या गॅस दोनदा बघून यायच्या, कुलूप तीनदा ओढायच्या. वहीत लिहून ठेवायच्या — दूधवाला आला, चहा झाला. मंदार घाबरला. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणवून घेतले आणि म्हणाले, उत्तम आहे सगळं. घरी आल्यावर आई मला म्हणाल्या, ‘चांगला मुलगा आहे गं डॉक्टर. मन राखतो.’ मी तेव्हा बोलू शकले असते. दोघी एकट्याच होतो, चहा उकळत होता. मी म्हणाले, ‘वयोमानानं होतंच, आई.’

त्या वर्षी त्यांनी मंडळाची प्रॉपर्टी सोडली. ‘आता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. ऐन वेळी पत्राऐवजी पावती दिली तर नाटक बुडेल,’ असं मंडळातल्या निमकरकाकूंना फोनवर सांगितलं आणि ती पत्र्याची पेटी — तीस वर्षांचे चष्मे, काठ्या, खोट्या मिशा — त्यांच्याकडे पाठवली. पेटी जड होती. खाली गाडीपर्यंत न्यायला एका बाजूनं मीच हात लावला. नाटकाला आई तिसऱ्या रांगेत पाहुण्यासारख्या बसल्या आणि मध्यंतरात बटाटेवडा तसाच हातात धरून राहिल्या.

थंडीत न्यू टाउनला चाहत्यांचा मेळावा झाला. घारीचा सत्कार! मंदार म्हणाला, आईलाही नेऊ. मी हो म्हणाले. का नाही म्हणणार? सगळं इंग्रजीत भरभर होणार, यांना काय कळणार? इतकी माजले होते मी.

सभागृह भरलेलं. ‘दीदी, आपकी आँखें!’ म्हणत पोरी माझ्याबरोबर फोटो काढत होत्या. मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, टाळ्या कडाडल्या, आणि मागच्या पडद्यावर माझी ती प्रसिद्ध चूक लावली. कुणाला भाषा लागू नये अशी लावली होती. ओळीनं तीन कापण्या. प्रत्येकीवर लाल वर्तुळ. खाली त्या पोरीचं पोट.

आई दुसऱ्या रांगेत होत्या. मी बघत होते. त्यांचा अंगठा पेरांवरून फिरला. एक, दोन, तीन. पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांनी पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. आणि मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन! शेजारचे लोक वळून बघायला लागले.

परतताना टॅक्सीत मंदार पुढे फोनवर बोलत होता. आई माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे माझं बरोबर होतं.’

रागावून नाही हो. आनंदानं! हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बोलतं, तशा त्या बोलल्या. आणि मी? शाल अंगावर, फुलं मांडीवर. मी म्हणाले, ‘कशाबद्दल, आई?’

तेव्हाही. तेव्हासुद्धा.

आई हसल्या. मोठ्यानं हसल्या. ‘धुर!’ म्हणाल्या, पण या वेळी स्वतःला नाही. माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत निमकरकाकूंना फोन गेला, पेटी परत पाठव. दूधवाल्याच्या, चहाच्या नोंदींची वही रद्दीत गेली. कुलूप एकदाच ओढलं जाऊ लागलं. पुढच्या गणपतीत विंगेत पुन्हा पुठ्ठे टांगले गेले आणि तो नवशिका नायक चुकीच्या खिशात हात घालायला लागला तेव्हा आतून आईंची अशी काही दबकी डरकाळी आली की पत्र बरोब्बर निघालं. नाटकाला बक्षीस मिळालं. मंदार सगळ्यांना सांगतो, आईची स्मरणशक्ती आपोआप सुधारली, डॉक्टरही चकित आहेत. मी मान डोलावते.

मालिकेचं नवं पर्व सुरू आहे. अजूनही आम्ही दोघी दुपारी बघतो. आई बघता बघता मध्येच थांबतात, डोळे बारीक करतात, अंगठा पेरांवरून फिरतो आणि गालात हसतात. ‘काय झालं, आई?’ ‘काही नाही गं. तू बघ.’ त्या झोपल्यावर मी तोच भाग चार-चारदा मागे नेते. हात बघते, कप बघते, कुंड्या मोजते. मला काही म्हणता काही दिसत नाही. गटात लोक विचारतात, घार कुठे उडाली? मी उत्तर देत नाही.

मी त्यांना त्यांच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवलं, महिनोन् महिने, मला सगळं ठाऊक असताना. ‘तुमचं बरोबर होतं’ हे तीन शब्द मी अजून त्यांना म्हटलेले नाहीत. रोज शेजारी बसते, रोज चहा देते, आणि म्हणत नाही.

काल तर आई इतक्या हसल्या की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले. पडद्यावर काय चुकलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.