रिकाम्या प्लॉटवरचा चहा

आमच्या गुरू, ॲड. प्रमिलाताई खापरे यांनी पंचाहत्तरी गाठली, हे त्यांच्या चालण्याकडे पाहून खरं वाटत नाही. त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी छाप पाडायला मी कायद्याची जाडजूड पुस्तकं नेली होती. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ठेव गा ते. गाडी काढ. प्लॉट पाहाले जाचं आहे."

प्लॉट नागपूरच्या हुडकेश्वर भागात होता. अशील रंजना, नागपूरचीच नर्स. कॅनडात गेली आणि तिथली नागरिक झाली. इथे एकट्या राहणाऱ्या आईसाठी तिला घर बांधायचं होतं. दलाल स्वस्तातली शेतजमीन गळ्यात मारू पाहत होता. भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला घरासाठी प्लॉट घेता येतो, शेतजमीन नाही, हे समजावून ताईंनी तिला निवासी प्लॉटच घ्यायला लावला. कागद बारकाईने तपासले. खरेदीखत झाल्यावर मात्र त्यांनी आपली नेहमीची रीत पाळली. किटलीभर चहा घेऊन त्या रिकाम्या प्लॉटवर गेल्या, शेजाऱ्यांना बोलावलं आणि मायलेकींची ओळख करून दिली. मालकीण दूर देशी राहणार, तर निदान शेजाऱ्यांना तिचा चेहरा ठाऊक हवा, असं त्यांचं म्हणणं. वकिलानं काय कप वाटायचे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

रंजना परत गेली आणि वर्षभरात एका बिल्डरची माणसं तिथे कुंपण घालायला आली. समोरच्या शांताबाईंनी लगेच ताईंना फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा शांताबाई बिल्डरच्या मुकादमाला झापत होत्या, "काहून गा? हा प्लॉट रंजनाचा आहे. आमी चहा पेलो इथं!"

प्रकरण कोर्टात गेलं. ही बाई परदेशी, तिचा इथे हक्क कसला, असं समोरचे वकील म्हणाले. रंजनाच्या आईचा चेहरा उतरला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "माही पोरगी इथं परकी झाली का वं?"

"नाही वं माय. पासपोर्ट बदलला, प्लॉट तिचाच आहे," ताई म्हणाल्या. त्या दिवशी ताईंच्या अंगात ताप होता. तरी त्या माउलीला घरी पोचवूनच त्या घरी गेल्या.

खरेदीखत भक्कम होतं, शेजाऱ्यांनी साक्ष दिली आणि निकाल आमच्या बाजूने लागला. आता तिथे घर उभं आहे. रंजना सुट्टीत येते तेव्हा रिक्षातून उतरायच्या आत शांताबाई हाक मारतात, "आलीस का वं घरी?"

ताई, तब्येतीला जपा, खूप खूप जगा. अजून कितीतरी रिकाम्या प्लॉटांवर तुमच्या किटलीतला चहा प्यायचा आहे. कप मी वाटीन.