वर कोण आहे?

माझे वडील दीपगृहावर नोकरीला होते, त्यामुळे माझं लहानपण एका उंच दगडी नळीच्या पायथ्याशी गेलं. दीपगृह म्हटलं की लोकांना दिवा आठवतो. मला आठवतो आतला जिना. खाली भिंत एवढी जाड की खिडकीच्या खोबणीत मी मांडी घालून बसायची. वर जावं तशी ती बारीक होत जायची. भिंतीला धरून लोखंडी पायऱ्या गोल फिरत चढायच्या आणि मधल्या पोकळीत साखळीला एक मोठं वजन लोंबायचं. ते सावकाश खाली उतरायचं, तसं वरचं भिंग फिरायचं. तळाला आलं की हाताने गुंडाळून पुन्हा वर घ्यायचं. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले असत, नाहीतर उन्हाने आग लागायची. त्यामुळे भर दुपारीही आत अंधारच.

आत आवाजाचा भरवसा नव्हता. खालून चढणाऱ्याची पावलं वरून उतरताहेत असं वाटायचं. कितीदा तरी मी भिंतीला चिकटून वाट पाहिली आहे आणि वरून कुणीही आलेलं नाही. भीती वाटायची, सरळ सांगते.

बाबांचा एक नियम होता. चढण्याआधी कठड्यावर किल्ल्या तीनदा आपटायच्या आणि विचारायचं, "वर कोण आहे?" उत्तर आलं तरच चढायचं. उत्तर नाही म्हणजे वरचा माणूस वजन ओढण्यात गुंतलाय. साखळी सुटली तर जिन्यातल्याचा कपाळमोक्ष. दुपारी काचा पुसायला आई वर असायची. बाबांनी हाक मारली की तिचं "या!" यायचं, तेही वरून नव्हे, थेट कानाशेजारच्या दगडातून.

आई गेल्यावर मी बाबांना घोडबंदर रोडला माझ्याकडे आणलं. अठ्ठावीस मजल्यांची इमारत, आम्ही सव्विसाव्यावर. बिल्डर तिला टॉवर म्हणतो, म्हणेना बापडा. बाबांना विसर पडत चालला होता. "तुझी आई कधी येणार?" हा प्रश्न रोज चहाबरोबर, आणि "येईल हो" ही माझी थापही रोजचीच. मग ते आगीच्या वेळी वापरायच्या त्या बिनखिडक्यांच्या जिन्यात जाऊन उभे राहू लागले. एकदा मी दंड धरून परत आणायला गेले, तर त्यांनी असा हिसडा दिला की दोघंही गडगडता गडगडता वाचलो.

एका दुपारी मी भाजी घेऊन आले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, काका परत जिन्यात गेलेले. कॅमेऱ्यात दिसले."

गच्चीचा कठडा दुरुस्तीसाठी पाडलेला होता आणि दाराला कुलूप नव्हतं. मी लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर गेले, तिथून गच्चीवर. तिथे कुणी नव्हतं. परत जिन्याच्या तोंडाशी आले आणि पावलं ऐकू आली. माझ्या डोक्यावरून. तिथे जिना संपलेला होता.

मग खालून किल्ल्या वाजल्या, तीनदा.

"वर कोण आहे?"

मी खाली धावले तर पुन्हा हिसडा. ओ दिली तर ते आनंदाने चढत येतील आणि सरळ गच्चीवर जातील. मी तोंडावर हात दाबून उभी राहिले.

"अगं, आहेस ना वर?"

माझ्या पाठीमागे कुणीतरी उत्तर द्यायला श्वास घेतला. माझं वय बावन्न, डोकं ठिकाणावर आहे. तरी सांगते, घेतला. आई, नको, मी मनात म्हटलं. आज ओ देऊ नकोस.

मग पावलं निघाली, लांब गेली आणि आमच्या मजल्याचं जड दार लागलं.

घरात आले तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते. मी चहा टाकला. त्यांनी रोजचा प्रश्न विचारला नाही. कप देताना मात्र माझा हात धरून ठेवला.

"तुझी आई वर नाही गं," ते म्हणाले. "मी दोनदा हाक मारली."

वर मी होते, हे मला त्यांना सांगता आलं नाही.