परतीची पेटी

आयुष्यात मला एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे माल बांधणं. वालीवच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पॅकिंग खातं सांभाळतोय. आम्ही पंपांचे सुटे भाग बनवतो. ते कसे बनतात ते मला विचारू नका. ते खोक्यात जातात तिथून माझं राज्य सुरू होतं. माझ्या हातचा खोका फुटला, भिजला किंवा परत आला, असं आजवर झालेलं नाही. हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. बायको अशा वेळी उठून दुसरीकडे बसते.

त्यामुळे मुलीला परभणीला गुरांच्या डॉक्टरीला प्रवेश मिळाला आणि हॉस्टेलचं सामान बांधायची वेळ आली, तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की कुणीही कशालाही हात लावायचा नाही.

आमच्या मुलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती म्हशीच्या शिंगांना भीत नाही, पण परक्या पलंगाला भिते. आठवीत शाळेच्या शिबिराला गेली आणि पहिल्याच रात्री फोनवर रडली. सकाळी मी बाईक काढली आणि तिला घरी घेऊन आलो. आता तर साडेपाच वर्षांचा कोर्स होता. शनिवारी जेवताना तिनं हळूच विचारलं, "पप्पा, आणि तिथे मला नाही जमलं तर?"

माझ्या तोंडात वाक्य तयारच असतं. "आपल्याकडून गेलेला माल परत येत नाही!" असं म्हणून मी स्वतःच हसलो. ती हसली नाही, भात चिवडत बसली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच आमटीचं पातेलं जवळ ओढलं.

रविवारी विरारच्या आमच्या फ्लॅटचा हॉल मी ताब्यात घेतला. जाड पुठ्ठ्याचे सहा कोरे खोके, खाकी टेप, प्लास्टिकची पट्टी आणि ती आवळायचं हत्यार, सगळं हजर होतं. प्रत्येक खोक्यावर नंबर घातला, 'ही बाजू वर' असे बाण काढले.

"पप्पा, मी हॉस्टेलला चाललेय, दुबईला नाही," मुलगी म्हणाली.

"दोन बॅगांत मावेल हो सगळं," बायको म्हणाली. तिचं माहेर आगाशीचं, वाडीवाल्यांचं. तिच्या भावानं भाचीसाठी सुकेळी पाठवली होती, केळीच्या वाळक्या सोपटात बांधून. उन्हात वाळवलेल्या केळ्यांची ती पुडी इतकी घट्ट आणि नेटकी होती, की मला मनातल्या मनात थोडा मत्सरच वाटला.

तिसऱ्या खोक्यात लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी होती. आमच्या कारखान्यात भरलेला खोका कमरेइतक्या उंचीवरून पाडून बघतात. एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. मी खोका उचलला.

"अहो, त्यात लोणचं आहे!" बायको ओरडली.

"म्हणूनच," मी म्हणालो आणि सोडून दिला.

तिसऱ्यांदा पाडला तेव्हा दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू लसूण सोलता सोलता तशाच वर आल्या होत्या. "कोण पडलं हो?"

"लोणचं," मुलगी म्हणाली.

मी खोका उघडला. बरणीवर ओरखडाही नव्हता. मी ती काकूंना हातात घेऊन, फिरवून, सगळ्या बाजूंनी बघायला लावली. त्यांनी पाहिली आणि बिचाऱ्या उरलेला लसूण सोलायला खाली गेल्या.

संध्याकाळपर्यंत सहाही खोके पट्ट्या आवळून उभे राहिले. पट्टी कापायचा कटर चौथ्या खोक्यात राहिला हे तेव्हा लक्षात आलं, पण मी तसं दाखवलं नाही. मुलगी खोक्यांभोवती एक फेरी मारून आली.

"हे तिथे उघडायचे कसे?"

"कापायचे. पट्टी काप, टेप फाड, पुठ्ठा फेकून दे. काही कटकटच नाही."

"मग परत येताना सामान कशात भरायचं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी म्हणालो. ती "ओके" म्हणाली आणि घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घडी घालत बसली.

सोमवारी कारखान्यात पुण्याहून टेम्पो आला. आमच्याकडे पॅकिंग दोन तऱ्हेचं असतं. एक जाण्यापुरतं, पोचलं की फाडून टाका. दुसरं जाऊन येणारं. कड्यांचे दणकट क्रेट, त्यावर रंगानं आमचा पत्ता आणि खाली 'परत पाठवणे'. टेम्पोतून तेच रिकामे क्रेट उतरत होते, कोपरे झिजलेले, पण धडधाकट. बावीस वर्षं मी ते उतरवून घेतोय. त्या दिवशी मात्र ते बघताना मला शनिवारचं जेवण आठवलं. पोटच्या पोरीला मी जाण्यापुरतं बांधलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली, की हातातला चहा गार होऊन गेला.

घरी येताना कारखान्यातून रंगाचा डबा आणि अक्षरं उमटवायचे कोरलेले पत्रे मागून आणले. माळ्यावर बायकोच्या लग्नातली पत्र्याची पेटी होती. तिच्यातल्या गोधड्या बाहेर काढल्या, कडीला तेल घातलं.

"अहो, माझी पेटी आहे ती!"

"परत येणार आहे," मी म्हणालो.

खोके सोडवले. निम्मं सामान लागणारच नव्हतं, हे बायको कालपासून सांगत होती. उरलेलं पेटीत आणि एका बॅगेत मावलं. मग मी पेटीच्या पुढच्या बाजूला आमचा पत्ता उमटवला आणि खाली मोठ्या अक्षरांत 'परत पाठवणे'.

मुलगी शेजारी येऊन बसली. मी म्हणालो, "ऐक. नाही जमलं तर फोन कर. मी येईन आणि घेऊन येईन. आठवीत आणलं तसं."

"बाईकवरून?"

"जे मिळेल त्यानं. मी परवा जेवताना बोललो ते मूर्खासारखं बोललो."

तिनं ओल्या रंगाला बोट लावून बघितलं आणि ते माझ्याच शर्टाला पुसलं.

परभणीला आम्ही दोघं सोडायला गेलो. मुलींच्या हॉस्टेलात वर फक्त आईला सोडलं, त्यामुळे पेटी कुठे ठेवली ते मी पाहिलंच नाही. आम्ही रात्री जवळच्या लॉजवर राहिलो. सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा मी अंघोळ करून, बूट घालून खाटेवर बसलेलो होतो.

"पप्पा, रात्री रडले मी."

"येतो. दहा मिनिटांत."

"ऐका तर. मग कुशीवर वळले, तर समोर तुमची पेटी. 'परत पाठवणे' वाचलं, दोनतीनदा वाचलं. मग झोप लागली."

"म्हणजे येऊ की नको?"

"नको. राहते मी," ती म्हणाली. "तुम्ही जा घरी."

मी बूट काढले.