काशिनाथने एकट्याने खरवडलेला डबा

काशिनाथच्या बायकोचा, सुगंधावहिनींचा फोन आला तेव्हा मी पेण स्टेशनवर रोह्याच्या गाडीची वाट बघत होतो. "भावजी, आज शेडवर नका जाऊ. सरळ घरी या… ह्ये गेले." गाडीत बसलो. रोह्याशेजारच्या अष्टमी गावात त्यांच्या दारात पोहोचेपर्यंत मला रडू आलं नाही, काशिनाथचा रागच येत राहिला.

रोह्याच्या एका लहानशा रेल्वे संग्रहालयाच्या शेडमध्ये आम्ही चार निवृत्त माणसं, विजेवर चालणारा एक जुना डबा पुन्हा उभा करत होतो. मी विज्ञानाचा मास्तर, निव्वळ हौशी. खरं काम यायचं ते काशिनाथ वाघमारेला. कोलाडजवळच्या वाडीतून, मजुरी करणाऱ्या आईबापांच्या घरातून तो डबे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात लागला आणि उभा जन्म तिथेच काढला. मोटरीवर नुसता तळहात ठेवून तो दोष सांगायचा. गेल्या वर्षी विजेच्या पेट्यांमागचा पहिला पत्रा निघाला. आत राखाडी, कापसासारखा थर होता. तो बघताच काशिनाथने आम्हाला खाली उतरवलं. "तुमी बाहेरचं रंगाचं बघा. हितं कुणी यायचं नाय." मग दारं लावून, तोंडाला ओला पंचा बांधून, थर पाण्याने भिजवत तो महिनोन्‌महिने एकटाच खरवडत राहिला. डबा काय आंदण मिळालाय का, म्हणून आम्ही त्याची चेष्टा करायचो…

दिवाळीनंतर त्याला दोन पायऱ्याही चढवेनात. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "हे अॅस्बेस्टॉसमध्ये काम करायचे का?" हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला होता. न जळणारं, उष्णता अडवणारं, उपयुक्त. त्याची धूळ फुप्फुसात शिरून माणसाला मारते, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी काशिनाथला विचारलं.

"व्हय. कारखान्यातले माझ्यासंगतीचे असेच गेले. माझं दोन वर्षांमागंच कळलंवतं."

"मग हात कशाला लावलास?"

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "माझ्यात आदीच शिरलेलं, मास्तर. तुमच्यात कशाला?"

"निदान सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर डबा भंगारात गेला असता."

हे मला अजून पटलेलं नाही. त्याने आम्हाला वाचवलं, आणि आमच्यापासून लपवलंही. आम्हा तिघांच्या छातीचे फोटो काढून झाले. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही दिसत नाही. दिसायला वर्षं लागतात.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी शेडवर आल्या, इतक्या काळात पहिल्यांदाच. डब्याचा मागचा अर्धा भाग उघडायचा राहिलाय, तिथे आम्ही फळ्या ठोकल्यात. नवऱ्याने साफ केलेल्या पत्र्यावरून त्यांनी हळूच बोटं फिरवली. "चांगलं केलंय काम," एवढंच म्हणाल्या. मग खाली उतरून नळाकडे गेल्या आणि हात धुऊ लागल्या… आम्ही तिघं बघत उभे होतो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी त्या धुतच होत्या.