चोवीसने भागलेलं पाणी

नव्वदच्या आसपास धुळ्यात आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणक आला. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि चालवायला मला बसवलं, कारण पुण्याला जाऊन त्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस मी एकटाच. त्या खोलीत एसी होता आणि चपला बाहेर काढायच्या असा दंडक होता. मोजे फाटके असताना विज्ञानाची सेवा किती जड जाते, ते मला विचारा.

काम असं: शहरातल्या सगळ्या नळवाहिन्या संगणकात भरायच्या, कुठल्या चौकात किती पाणी लागतं ते सांगायचं, की तो कुठे किती दाब राहील ते सांगणार. मी महिनोन्‌महिने खपलो. शेवटी प्रिंटरने खरखरत लांबलचक कागद ओकला आणि त्यावर सगळीकडे पुरेसा दाब. अगदी टेकाडावरच्या शेवटच्या गल्लीतसुद्धा, जिथे वर्षानुवर्षं टँकर जायचा.

साहेब खूश झाले. त्यांनी तो कागद गुंडाळी करून बैठकीला नेला आणि येताना टेकाडाचा टँकर बंद करून आले. म्हणाले, नळाला पाणी पोचतंय, लोकांना टँकरची चटक लागलीय. मला चहा पाजला. मी प्यालोसुद्धा.

थोड्याच दिवसांत टेकाडावरची एक अक्का आली. चपला बाहेर काढल्या, रिकामा हंडा आत आणला आणि थेट माझ्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवला.

"भाऊ, तुना मशीनमा पानी पोचस ना? मंग आमना हंडा तठेच लावू दे."

शिपाई फिसकन हसला. मला राग आला, तोही तिचाच. मी तिला समजावू लागलो की अक्का, दिवसभराचं पाणी चोवीस तासांनी भागलं तर... आणि तिथेच माझी जीभ अडकली.

कारण त्याच सकाळी मी स्वतः घरी पाणी भरलं होतं. धुळ्यात नळ येई दिवसाआड, तासभर. त्या तासात अख्खं शहर एकदम नळ सोडून बादल्या, पिंपं, टाक्या, जे हाताला येईल ते भरतं. मीही तेच केलं होतं, शर्टाच्या बाह्या अजून ओल्या होत्या. आणि असल्याच ओल्या हातांनी मी महिन्यांपूर्वी संगणकाला सांगितलं होतं की धुळेकर दिवसभर सावकाश, थेंबथेंब, साहेबी थाटात पाणी घेतात. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. माझ्या घरात काय चालतं, हे पुस्तकाला विचारायचं मला सुचलं नाही.

अक्काला बाकावर बसवून मी पुन्हा हिशेब लावला. सगळं पाणी एका तासात. या वेळी टेकाडाच्या आकड्यांपुढे उणे चिन्हं आली.

साहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला. "उणे दाब म्हणजे काय? नळ काय पाणी पितो?"

"हो साहेब, पितो. गळक्या सांध्यातून, शेजारच्या गटाराचं."

ते म्हणाले, हा कागद छापायचा नाही. मशीन नवीन आहे, चुकतं. चुकलेला मी होतो, मशीन पहिल्यांदाच खरं बोलत होतं, आणि साहेबांना नेमका माझा तो पहिला, चुकलेला शहाणपणाच हवा होता.

मग मी तिसरा हिशेब लावला, तिथेच, त्यांच्यासमोर. खालच्या बंगल्यांच्या भागात बडी मंडळी नळालाच मोटार लावून पाणी ओढत. त्या भागाच्या नळवाहिनीची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, तासातला अर्धा वेळ बंद ठेवली, तर? उणे चिन्हं गेली. नवा पाइप नको, नवी टाकी नको, खोदकाम नको. रस्त्यातल्या एका खड्ड्यात उतरून एक लोखंडी चावी फिरवायची. मी ते मोठ्याने वाचलं, अक्काला कळेल असं.

साहेब कागदाकडे बघेनात. म्हणाले, बाई, उद्यापासून तुमचा टँकर सुरू. झालं ना समाधान?

अक्का उठली नाही. तिने मला विचारलं, "ती चावी कोना हातमा शे?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. बायका, लेकी, म्हाताऱ्या सगळ्या पुन्हा रांगेत, पुन्हा भांडणं, पुन्हा डोक्यावर हंडे. ती चावी कुणी फिरवली नाही. मला बदली करून शिंदखेड्याला धाडलं आणि संगणकावर पुढे टिपणं टाइप होऊ लागली.

आता चारचौघांत कुणी म्हणतं की त्या काळी तंत्रज्ञान नव्हतं हो, म्हणून लोकांचे हाल झाले. माझं डोकं फिरतं. होतं तंत्रज्ञान. माझ्यासारखा गाढव चालवत होता, तरी त्याने एका दुपारीत उत्तर दिलं होतं. टँकर पाठवणं सोपं होतं, कारण टँकर कुणाच्या बंगल्याचं पाणी तोडत नव्हता.