साजूक तुपाची नळी

यंत्र सुरू करण्याआधी नानामास्तर हात धूत आणि काचेच्या नळीला विचारीत, "काय बाई, आज येणार का?"

ते ठाण्याच्या शाळेत शास्त्र शिकवीत. नळीच्या मधोमध भोकं पाडलेला पत्रा होता. पाऱ्याच्या पंपाने आतली हवा काढून वीज सोडली, की भोकांतून पत्र्यामागे उजेडाच्या रेघा निघतात, असं विलायती पुस्तकात होतं. त्यांच्या नळीत निघत नव्हत्या. "हवा चोर असते, शेट. तिला सुईएवढी फट म्हणजे वेशीचा दरवाजा."

पंपातला पारा माझ्या दुकानचा. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केलेल्या मी कल्याणच्या बाजारात नाव कमावलं होतं. मास्तरांनी ते एका वाक्यात घालवलं: "पाऱ्यातच खोट आहे." गिऱ्हाइकं तोंड फिरवू लागली.

मी तणतणत ठाण्याला गेलो. त्यांच्यासमोर थाळीत पारा ओतला. भेसळीचा पारा मागे शेपूट सोडतो. हा मोत्यासारखा पळाला.

"दाखवा शेपूट!" मी ओरडलो.

"नाही खरं," मास्तर वाकून पाहत राहिले. "मग चोर शिरतो कुठून?"

मला वास आला. नळीच्या सांध्यांना त्यांनी मेण आणि साजूक तूप फासलं होतं.

"शिरा करताय का, मास्तर?"

"पुस्तकात चरबी सांगितली आहे. आमच्या हाताने? शिव शिव!"

काही दिवसांनी त्यांनीच बोलावलं. खिडक्या लावल्या. पत्र्यामागे अंधुक पिवळट रेघा उमटल्या. तुपाचा वास नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"राहवेना हो," ते पुटपुटले. "तळ्यावर आंघोळ करून मगच घरी जातो. पण हे बाहेर फुटलं तर वाळीत पडेन."

"आणि माझं नाव?"

"ते मी परत देतो."

शब्दाला जागले. कल्याणला येऊन भर बाजारात म्हणाले, "पारा शुद्ध होता. चूक माझी."

"कसली चूक?" कोणीतरी विचारलं.

मास्तर पागोटं सावरू लागले. बाजार हसला. "शेटने दक्षिणा बरी दिलेली दिसते!"

एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. दिडकीसाठी सख्ख्या भावाशी भांडणारा मी, तोंड मिटून उभा राहिलो.

"तुम्ही बोलला का नाहीत?" वाटेत मास्तरांनी विचारलं.

"आधी सांगा, पत्र्यामागे उजेड जातो कसा?"

"ते विलायतेतही अजून कोणाला ठाऊक नाही."

"मग मलाही नाही."

राग अजून आहे. कोणावर, ते कळत नाही. मास्तर गेले, त्यांच्यामागे वाळीत टाकायला कोणी उरलेलं नाही. म्हणून आज सांगतो: सांध्यांना चरबी होती. माझा पारा चोख होता.